पाण्याला दारात उभा न करणारा कापूस

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे मराठी माणसाला प्रयोगशाळेने शिकवावे लागले नाही. कापसाची ख्याती मात्र याच्या अगदी उलट. कापूस म्हणजे पाणी पिणारा, अशी सर्वांची समजूत, आणि ती अर्धीच खरी आहे. शेतातून नुकताच वेचलेला कापूस पाण्यावर टाकला, तर तो बराच वेळ तरंगत राहतो. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाने तो शेकडा एक भागही क्वचितच भरेल. तेवढ्या मेणाच्या बळावर कापूस पाण्याला दारात उभे करीत नाही. तेलाला मात्र तेथे मज्जाव नसतो.

मनुष्याने प्रथम हे मेण घालविण्यातच आपली बुद्धी खर्च केली. मेणट सुतावर रंग नीट चढत नाही, म्हणून ते क्षाराच्या पाण्यात उकळण्याची रीत पडली. बर्मिंगहॅमचा शस्त्रवैद्य सॅम्पसन गॅम्जी याने १८८० साली जखमेवर बांधण्यासाठी शोषक कापसाची घडी पुढे आणली. दवाखान्यातला पांढराशुभ्र कापूस तो हाच, मेण गमावलेला.

पावसाचा प्रश्न निराळा होता. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी अडविले. पण त्याबरोबर वाराही अडला आणि अंगरखा आतून घामाने भिजू लागला. कापडाची छिद्रे बुजविणे हा एक मार्ग. छिद्रे मोकळी ठेवून केवळ तंतूचा स्वभाव पालटणे हा दुसरा. साबण आणि तुरटी यांची पुटे देणारे कारागीर या दुसऱ्या मार्गावर केव्हाच होते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील विन्टन पॅटनोड याने १९४२ साली मिळालेल्या पेटंटात त्याला नवे साधन दिले. क्लोरीनयुक्त सिलिकॉन संयुगांची वाफ सुती कापडाला लागली, की कापड दिसायला होते तसेच राही, परंतु पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळून जाई. या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि आम्ल हे सुताचे वैरी. त्याचा बंदोबस्त तत्काळ करावा लागे.

पाणी असे का वागते, याचा हिशेब १९४४ साली कॅसी आणि बॅक्स्टर या दोन संशोधकांनी मांडला. तंतूंच्या फटीत हवा अडकून राहते, आणि थेंबाला पुष्कळशी बैठक त्या हवेवरच मिळते. बदकाची पिसे कोरडी राहतात त्याचेही मर्म पिसांच्या विणीत आहे. १९९७ साली जर्मनीच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाची अशीच परीक्षा केली. तीत अळूचेही पान होते!

तेलाला ही अडचण का येत नाही? पाण्याचा पृष्ठताण मोठा, म्हणून ते आपल्यातच गोळा होऊन बसते. तेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून ते पसरते आणि झिरपते. हा भेद १९६७ नंतर तातडीचा झाला. त्या वर्षीच्या १८ मार्चला ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १ लाख २० हजार टन कच्चे तेल होते. ते विरविण्यासाठी ओतलेल्या रसायनांनी समुद्रजीवांचा तेलाहूनही अधिक संहार केला. तेव्हा पाण्यात आणखी काही ओतण्यापेक्षा पाण्यातून तेल उचलणे बरे, हे ध्यानी आले. बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली टेफ्लॉनचा लेप दिलेली पोलादी जाळी दाखविली. तीतून डिझेल गळून जाई, पाणी वरच राही. पुढे तेच काम कापडावर सुरू झाले, कारण कापड स्वस्त, लवचीक आणि सर्वत्र मिळणारे.

या प्रयोगांत एक मेख आहे. चंचुपात्रातील प्रात्यक्षिकासाठी पुष्कळदा क्लोरोफॉर्मसारखा, पाण्याहून जड द्रव घेतात. तो तळाशी बसतो आणि कापडातून सुखाने गळतो. खनिज तेल बहुधा पाण्यावर तरंगते. आडव्या गाळणीवर पाणीच खाली बसून त्याची वाट अडविते. शिवाय लाटांनी घुसळलेले तेल पाण्याशी एकजीव होऊन चिखलासारखे घट्ट बनते. मग गाळणी सोडून तरंगत्या पिशव्या आणि शोषक गाद्या यांचा आश्रय करावा लागतो.

मुंबईच्या बंदरात ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल खाडीतल्या खारफुटीपर्यंत पोहोचले. चेन्नईजवळ एण्णूर येथे जानेवारी २०१७ मध्ये असाच अपघात झाला, आणि तेथे माणसांनी बादल्या घेऊन तो काळा राडा उपसला. या दोहोंच्या मधल्या काळात, २०१३ साली, टेक्सास टेक विद्यापीठातील संशोधकांनी कोणताही लेप न दिलेला कच्चा कापूस तपासला. त्यांनी निवडला तो अपक्व तंतूंचा, बाजारात कमी भाव मिळणारा माल. मेण मात्र जागच्या जागी असलेला. त्याने आपल्या वजनाच्या तिसाहून अधिक पट कच्चे तेल धरून ठेवले.