आधी कोठार उघडलं

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात उभं राहून 'देव देतो' म्हणायचं, म्हंजे आधी 1992 साल आठवावं लागतं. त्या साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं लेकरं गेली. मग कुणी विचारील, "बुवा, तेव्हा तुमचा देव कुठं होता?" प्रश्न खरा आहे. टाळ वाजवून तो बुडवता येत नाही.

उत्तरासाठी घटकाभर मंगळवेढ्याला चला. महिपतीबुवांनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त दामाजीपंतांची कथा आहे. दुष्काळ पडलेला, माणसं अन्नावाचून तडफडताहेत. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार, कोठारं सरकारी. त्यांनी जिवावर उदार होऊन धान्य लुटवलं. बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा पांडुरंग विठू महार झाला आणि धान्याचं मोल भरून आला. आपण चमत्कार ऐकून माना डोलवतो. पण क्रम बघा बरं का! आधी दामाजींनी कोठार उघडलं, मग देव धावला.

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' असं लोक चेष्टेनं म्हणतात. इथला वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी खाटल्यावर कधी बसला? उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यात नागली पेरायची, पावसात चिखल तुडवत आवणी करायची. वारली माणूस धान्याला कणसरी माता म्हणतो. घरात चूल थंड असली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, याला म्हणतात भरवसा!

देवानं देण्यात कसूर केली का? पाऊस बदाबदा कोसळतो. पण डोंगरउताराचं पाणी धावून जातं, आणि चैत्र-वैशाखात आयाबाया हंडे घेऊन वणवण फिरतात. याच मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. देवाचं देणं आलं, वाटप मात्र माणसाच्या हाती राहिलं.

2015 साली अमृत आहार योजना आली. आदिवासी पाड्यांत गरोदर आणि बाळंत माउलीला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळू लागलं. ते ताट वाढणारी सेविका दामाजींचंच काम करते. त्या ताटात कमी पडू दिलं, तर दोष देवाला लावू नका.

तेव्हा मायबाप, सकाळी देवापुढं हात जोडा, 'तू देशील' म्हणा. आणि तेच हात मग शेजारच्या चुलीकडं वळवा. तिथं धूर नसेल, तर आपल्या कणगीचं तोंड उघडा.

पुंडलिक वरदा हाऽरि विठ्ठल!