जमिनीत सापडणारी स्पॅनिश चांदीची नाणी: ओळख कशी पटवायची, कायदा काय सांगतो?

घराचा पाया खणताना किंवा शेत नांगरताना चांदीचं काळपट, वेडंवाकडं नाणं निघालं, तर ते स्पेनचं 'रियाल' असू शकतं.

कुठून आलं?
आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदीची खाण सापडली. तिथे आणि मेक्सिकोत पाडलेलं आठ रियालचं नाणं जगभर चाललं. अमेरिकेत ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं. त्यामुळे तिथे ते आजही जमिनीत सापडतं.

आपल्याकडे ही चांदी व्यापारातून आली. लिस्बनहून गोव्यात आणि युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला. सुरतेच्या मोगल टांकसाळीत परकी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. म्हणूनच न वितळता राहिलेलं एखादं नाणंही मोलाचं ठरतं.

ओळख
- पूर्ण नाण्याचं वजन सुमारे २७ ग्रॅम. चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक.
- जुनी नाणी हातोड्याने ठोकलेली, कडा ओबडधोबड. मेक्सिकोत १७३२ पासून यंत्रावरची गोल नाणी निघू लागली.
- १७७२ पासून राजाचा मुखवटा दिसतो.
- चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर नाणं खोटं. न चिकटल्यास मात्र ते खरंच, असं नाही.

घासू नका
चिंच, लिंबू किंवा राखेने घासल्यास अक्षरं, साल झिजतात. मग उरतो तो फक्त चांदीचा भाव. नाणं कुठे, किती खोलीवर, कशासोबत मिळालं, हे लिहून ठेवावं आणि जागेवरच फोटो काढावा.

कायदा
१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खरा मालक पुढे न आल्यास, आणि आधी वेगळा करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारने ठेवून घेतल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा मिळतो. लपवल्यास मात्र हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

कर्नाटकात यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे सीमाभागातील शेतकऱ्यांनी आपली जमीन ज्या राज्यात येते, तिथल्याच तहसील कचेरीत आधी चौकशी करावी. नाणं गुपचूप वितळवलं, तर हिस्सा जातो आणि गावाच्या जुन्या व्यापाराचा पुरावाही.