नवगावचे दोन उंचवटे

अलिबागच्या उत्तरेस, थळ-किहीमच्या किनारपट्टीत नवगाव आहे. तिथे बेने इस्रायल समाजाचे जुने कब्रस्तान आहे. समाजाची परंपरा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते नवगावात दफन केली गेली, पुरुषांची एका उंचवट्याखाली, स्त्रियांची दुसऱ्या. पुढे त्यांच्याच सोबतीला समाजाच्या कबरी होत गेल्या.

आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. गलबत कधी फुटले याचा लेखी पुरावा नाही. सार्टोरियस या मिशनऱ्याच्या १७३८ च्या पत्रात या समाजाचा उल्लेख येतो. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. जुन्या कबरींवर मात्र अक्षर नाही. हिब्रू भाषा समाज विसरला होता. उरली होती ती सुंता, शनिवारची सुट्टी आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले.

त्यांचे शब्द आम्हा मुसलमानांना परके नाहीत. त्यांचे धर्मप्रमुख ‘काझी’ म्हणवले जात. प्रार्थनाघराला ते ‘मशीद’ म्हणत. सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनाघर बांधले. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. हेच दिवेकर इंग्रजांच्या फौजेत असताना टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. ‘बेने इस्रायल’ हे नाव कुरआन शरीफात आहे म्हणून त्यांना जीवदान मिळाले, अशी समाजाची आठवण आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे १९६० च्या सुमारास त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. विवाहासाठी वाडवडिलांच्या वंशाची चौकशी होऊ लागली. आंदोलने झाली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्यांची आडनावेच केहीमकर, पेणकर, रोहेकर, त्यांच्याकडे दाखला मागितला गेला! त्यांचा दाखला तर नवगावच्या वाळूत होता.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आमच्याही ओळखीचा आहे. कोकणी मुसलमानांच्या परंपरेतही समुद्रावरून आलेले पूर्वज आहेत, आणि आमच्याही कब्रस्तानांत बिननावाच्या कच्च्या कबरी पुष्कळ आहेत. माणूस कुठून आला याबद्दल वाद घालता येतो. तो कुठल्या मातीत मिसळला याबद्दल वाद उरत नाही.

नवगावात आज त्या पूर्वजांचा स्मारकस्तंभ उभा आहे. दूरदेशीची नातवंडे तो पाहायला येतात आणि मराठीत घरच्या आठवणी काढतात. पश्चिम आशियातल्या भांडणांच्या बातम्या ऐकताना यहुदी म्हणजे वैरी, असे समीकरण आपल्यातही सहज मांडले जाते. ते मांडण्यापूर्वी नवगावचे हे दोन उंचवटे आठवावेत. तिथे आमच्या शेजाऱ्यांचे वाडवडील झोपले आहेत. शेजारी गाव सोडून गेला, तरी त्याच्या कबरींची अदब राखण्याचे कर्तव्य मागे राहिलेल्यांवर असते.