दोनदा शिजवलेलं डुक्कर: नेसरी, कल्याणी आणि बारदेस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडमधलं बोलणं थोडं नीट करून इथे लिहितोय.

मी मूळचा नेसरीचा. तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे प्रतापराव गुजरांची नेसरी का?" हो, तीच. 24 फेब्रुवारी 1674, बहलोलखानाची फौज आणि सात घोडेस्वार. त्यावर एक अख्खा एपिसोड करूच. आजचा विषय मात्र पातेल्यातला आहे. डुकराचं मटण. ऐकूनच ज्यांनी तोंड वाकडं केलं असेल त्यांनी पण थांबा, कारण निम्मा एपिसोड त्या वाकड्या तोंडाबद्दलच आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या फ्लॅटवर एका रविवारी मी पहिल्यांदा पोर्क शिजवलं. बीटेक झालेला माणूस, रोज कोड लिहितो, एक रस्सा जमणार नाही का? कांदा परतला, घरून आणलेली कांदा-लसूण चटणी टाकली, मटण टाकलं, कुकरचं झाकण लावलं आणि सहा शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर वर बोटभर तेलाचा तवंग, खाली फिका रस्सा, मांसाच्या दोऱ्या झालेल्या आणि चरबी मात्र रबरासारखी. मसाला एकीकडे, मटण एकीकडे.

माझा रूममेट बारदेसचा, म्हणजे उत्तर गोव्यातला, म्हापशाच्या बाजूचा. त्याने हसत हसत आईला व्हिडिओ कॉल लावला. आंटींनी पातेलं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "आधी उकडून घेतलं नाही?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. मोठे तुकडे मीठ-हळद घालून थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. पूर्ण नाही, बारा आणे. गार होऊ द्यायचे. गार झाल्यावर मांस-चरबी घट्ट होते, मग बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे. ते तुकडे त्याच मांसाच्या सुटलेल्या चरबीत थोडे थोडे करून तांबूस होईपर्यंत तळायचे. काळीज वेगळं तळायचं. मग लाल मिरची, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं, लसूण हे सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं, कांदा परतून त्यात हा मसाला परतायचा, तळलेलं मांस घालायचं, उकडलेलं पाणी घालायचं आणि मंद शिजू द्यायचं. आणि त्या दिवशी खायचं नाही. हे सोरपोतेल.

मी ऐकत होतो आणि डोक्यात आमच्या आजीचं स्वयंपाकघर दिसत होतं. कोल्हापूरच्या बाजूला मटण कसं करतात? आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण नुसतं शिजवून घेतात. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. त्या अळणीतला एक वाटा तांबड्याला, एक पांढऱ्याला, आणि पोरांना वाटीभर आधीच प्यायला. शिजलेलं मटण नंतर मसाल्यात परतून सुकं. म्हणजे दोन टप्पे. आयुष्यभर हेच खात आलो होतो आणि डुक्कर समोर आल्यावर तेच विसरलो. ते "आपलं" नाही असं कुठेतरी डोक्यात होतं, म्हणून आपली रीत तिथे लागू होईल असं सुचलंच नाही.

यात शास्त्र काय ते पटकन सांगतो. मांसातले चिवट धागे आणि कातडी यांत कोलॅजन असतं. ते ओलाव्यात, हळूहळू, बराच वेळ तापलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. हे काम पाण्याचं. पण पाणी आहे तोवर उघड्या पातेल्यातलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा खमंग वास, तो तांबूस रंग नीट यायला साधारण 140 अंश लागतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार याने 1912 मध्ये या क्रियेचा अभ्यास मांडला, म्हणून ती मेयार प्रक्रिया. हे काम कोरड्या उष्णतेचं. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच भांड्यात होत नाहीत. माझ्या कुकरने पहिलं घाईत केलं आणि दुसरं केलंच नाही. डुकरात चरबी जास्त, त्यामुळे चूक लगेच दिसते. आधी शिजवलं की जास्तीची चरबी सुटते आणि तीच पुढे तळायला कामी येते.

आता इतिहास. मला वाटायचं डुक्कर खाणं पोर्तुगीजांनी आणलं. साफ चूक. घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत गाय-बैल, शेळी-मेंढीबरोबर डुकराचीही हाडं मिळाली.

आणि नुसतं गरिबाघरी नाही, राजाघरीसुद्धा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बिरुद भूलोकमल्ल, राज्यकाळ 1126 ते 1138. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपल्या कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक. या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने काय काय करावं याचा कोशच म्हणा: हत्ती, औषधं, संगीत, खेळ आणि जेवण. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये तो छापला गेलाय.

त्यातल्या अन्नभोगाच्या भागात डुकराची कृती आहे. अंगावर पांढरं कापड टाकून वरून उकळतं पाणी ओतायचं म्हणजे केस सुटतात, किंवा गवताच्या जाळावर केस जाळायचे. मग भाजायचं. मग कापून तुकडे करायचे, ते निखाऱ्यावर पुन्हा भाजायचे आणि आंबट-मीठ-मसाला लावायचा. मिरची नाही, कारण मिरची अजून भारतात आलेलीच नव्हती. पण आधी अख्खं, मग कापून पुन्हा, शेवटी आंबट, हा क्रम बघा. आंटींच्या सोरपोतेलच्या जवळपास 400 वर्षं आधी पोर्तुगालचं नावही न ऐकलेल्या दख्खनी मुदपाकखान्यात हे चालू होतं. सोरपोतेल तिथून आलं असं मी म्हणत नाही. डुकराचं मांसच असं आहे की जो कुणी मन लावून शिजवेल तो दोन टप्प्यांवर येतो, एवढंच म्हणतोय.

सोरपोतेलचं मूळ वेगळं. पोर्तुगालच्या अलेंतेजो भागात 'सारापातेल' नावाचा रक्त आणि काळजाचा पदार्थ आहे. 1510 च्या नोव्हेंबरमध्ये आफोन्सो दि आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि त्यांचं खाणंपिणं इकडे आलं. ब्राझीलही त्यांचंच, तिथेही सारापातेल आजपर्यंत खातात. मदेरा बेटावर नाताळात मांस वाइन किंवा व्हिनेगर आणि लसणात मुरवून, शिजवून, मग चरबीत परततात. ते 'व्हिन्या द आल्योश', आपलं विंदालू त्याचं गोव्यातलं भावंडं. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, आल्यो म्हणजे लसूण.

गोव्यात आल्यावर वाइनच्या व्हिनेगरची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीज जहाजांतून आली. मिरी-लवंग-दालचिनी इथल्या व्यापारात होतीच. फ्रिज नसलेल्या दमट किनाऱ्यावर हे टिकायचं कसं? पाणी आटवलेलं, चरबीत तळलेलं मांस, वर मीठ आणि आंबट, आणि रोज एक उकळी. तिसऱ्या दिवशी चव मुरलेली. टिकवण्यासाठी केलेली खटपट हीच पुढे चव झाली. (आपण मात्र फ्रिज वापरायचा, आणि डुकराचं मांस कधीही अर्धकच्चं खायचं नाही.)

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता आंबट भाग.

1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे धर्मपरीक्षेचं न्यायालय. ते कायमचं बंद झालं 1812 मध्ये. स्पेन-पोर्तुगालमध्ये धर्म बदललेले ज्यू आणि मुसलमान मनातून बदललेत का हे ओळखायची एक खूण होती: डुक्कर खातो की टाळतो. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतं याची चुगली व्हायची. हीच नजर गोव्यात आली. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 मध्ये 'द गोवा इन्क्विझिशन' हे पुस्तक लिहिलं. त्यात 1736 च्या जाहीरनाम्यातली मनाईंची यादी वाचताना मी एका कलमावर अडकलो. नवख्रिश्चनांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही! अळणी भात हा गुन्हा. पानात मीठ कधी पडतं यावरून सरकार माणसाचा धर्म ठरवत होतं.

बारदेसमधून पिढ्यानपिढ्या माणसं बाहेर पडली. कुणी या छळाला कंटाळून, कुणी लढाया आणि करांना, कुणी पोटासाठी. काही सावंतवाडीला, काही कारवार-मंगळूरला, काही घाट चढून आमच्याकडे. आजरा-गडहिंग्लज भागात ख्रिश्चन घरांत बारदेस्कर हे आडनाव आहे. मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्याचा अर्थ 'बारदेसचे' असा होतो हे रूममेटने सांगितल्यावर डोक्यात आलं. ज्या रीतीला मी "गोव्याची" म्हणत होतो ती आमच्याच तालुक्यात नाताळाला पिढ्यानपिढ्या शिजत असणार.

आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जायचं? आमच्या गावाच्या कडेला एक वस्ती होती. तिथली माणसं डुकरं पाळायची. सणाला उसाच्या पाचटावर डुकराचे केस जाळायचे, आणि त्या धुराचा वास शाळेपर्यंत यायचा. 'मानसोल्लासा'त गवताचा जाळ वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तो वास आठवला. माझ्या बाकावर बसणारा मुलगा त्या वस्तीतला. सातवीत असताना त्याने एकदा डब्यात ते आणलं होतं. बारीक, काळपट, कोरडं परतलेलं. "खाऊन बघ," म्हणाला. मी नाकाला रुमाल लावला आणि बाकीच्यांबरोबर हसलो. त्यानंतर त्याने शाळेत कधी डबा उघडला नाही. मधल्या सुट्टीत घरी जायचा.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे 2015 चं पुस्तक मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर आहे. ते वाचताना मला सारखी ती सातवीची सुट्टी आठवत होती. इन्क्विझिशनबद्दल आपण तावातावाने बोलतो, बोलायलाच हवं. पण दुसऱ्याच्या डब्यावरून माणूस जोखायला आम्हाला कुणा पोर्तुगीजाने शिकवलं नव्हतं. त्याला ना जाहीरनामा लागला, ना न्यायालय. एक रुमाल पुरला.

मी त्याला शोधून फोन केला. तो आता गोव्यातच नोकरीला आहे. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग डब्याची गोष्ट काढली. त्याला सगळं आठवत होतं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "त्या दिवशी आईनं पहाटे उठून केलं होतं." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. त्याने "सोड" म्हटलं, पण लगेच नाही. मग मी विचारलं, कसं करायच्या? "मिठाच्या पाण्यात उकडायचं, पाणी काढून ठेवायचं, मग त्याच्याच चरबीत परतायचं. चटणी शेवटी." पुन्हा तेच दोन टप्पे.

दिवाळीला गावी गेल्यावर आजीला सांगून टाकलं की मी पुण्यात डुक्कर खातो आणि शिजवतोही. आई उठून आत गेली. आजी बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "आदी शिजवून घेतलास न्हवं?" मी हो म्हटलं. "मग हुतंय," म्हणाली. आणि दोन मिनिटांनी, "पर हितलं पातेलं घ्यायचं न्हाई हां."

म्हणजे रीत मान्य, पातेलं नाही. सध्या एवढंच पदरात पडलंय. मी गडहिंग्लजच्या बाजारातून एक जाड बुडाचं पातेलं घेतलं, ते पडवीत टांगलंय. पुढच्या सुट्टीत तो मित्र गावी येणार आहे. पाचटाची सोय तो बघतो म्हणाला, कारण त्याच्या मते गॅसवर ती चव येतच नाही.

तुमच्या घरात, वस्तीत, गावात डुकराचं मटण कसं शिजतं, आणि त्याबद्दल बोललं जातं की लपवलं जातं? व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, कृती मात्र सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला.