नाताळची न्याहारी, मुक्काम रनवार, 1938

तारीख 24 डिसेंबर 1938, संध्याकाळचे पाच. वांद्र्याच्या हिल रोडवरून आत वळून तुम्ही रनवारच्या पाखाडीत शिरता. कौलारू घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, दारोदारी कागदी कंदिलांची लगबग. ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी मूळची इथलीच. व्हिक्टोरिया राणीच्या 1887 च्या ज्युबिलीत त्यांनी हे नाव घेतलं. घरात बोलतात मराठीच.

एका ओट्यावरून म्हातारी हाक मारते. लुगडं नेसलेली, कोपरापर्यंत मैद्याने माखलेली. "नुसतं बघत राहायचं नाय. पाय धू नि आत ये."

तुम्हाला वाटलेलं असतं, सणाच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसती धांदल असेल. तसं काही नाही. कुलकुल्स आणि नेवऱ्या डब्यांत भरून फळीवर गेल्यात. कोपऱ्यातल्या मोठ्या भांड्यावरचं झाकण म्हातारी किंचित सरकवते आणि शिरक्याचा वास थेट नाकात चढतो. हे सोरपोतेल. डुकराचं मांस आणि काळीज उकडून, अगदी बारीक चिरून, तळून, शिरक्यात वाटलेल्या मिरची-लसणाच्या मसाल्यात शिजवलेलं. 21 तारखेला केलं, रोज एकदा उकळी दिली. वर तांबडी चरबी थिजायला लागली आहे. शिरक्याच्या आंबटपणात पदार्थ टिकतो, शिवाय मसाला फोडीच्या आतपर्यंत मुरतो. केल्या दिवशी ते नुसतं आंबट-तिखट लागतं. चौथ्या दिवशी त्याला खरी चव येते.

पण सगळं आधीच उरकून का ठेवायचं? याचं उत्तर चर्चमध्ये आहे. 1938 साली ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. पाण्याचा घोटसुद्धा नाही. (पाण्याची सूट मिळायला 1953 उजाडेल. 1957 मध्ये उपास तीन तासांवर येईल, 1964 मध्ये एका तासावर.) पहाटेच्या मिस्सेला जाणाऱ्या बाईला मध्यरात्रीनंतर मिठाची चवही घेता येत नाही. आणि मिस्सा संपवून घरी येणारं माणूस तर उपाशी असतं, साऱ्या कुटुंबासकट! म्हणून जे काही चाखून बघायचं ते आदल्या दिवशीच उरकायचं. आता तुमच्यापुढे चमचा येतो. "मीठ बघ. बाराच्या आत काय ते सांग."

रात्री खरं काम सुरू होतं ते फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं. सकाळी ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याने आणून दिलेल्या ताडीत मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर-मीठ भिजवलेलं आहे. दिवसभरात ते फुगून दुप्पट झालं आहे, वर बुडबुडे आहेत. ताडीतलं रानटी यीस्टच हे काम करतं. मुंबईत ताडीवर बंदी येण्याआधीचा हा शेवटचा मोकळा नाताळ. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, चपातीच्या कणकेपेक्षा पुष्कळ सैल आणि चिकट, इतकं की हाताला पाणी लावल्याशिवाय सुटत नाही. म्हातारी डाव्या मुठीत पीठ घेते, दाबते. अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून एक गुळगुळीत गोळा वर येतो. उजव्या हाताची ओली बोटं तो अलगद उचलून तेलात सोडतात. गोळा तळाशी जातो, वर येतो आणि एक बाजू तांबूस झाली की स्वतःच कलंडतो. झाऱ्याने उलटावं लागत नाही.

तुमच्या पहिल्या फुग्याला शेपूट येतं. सगळं घर हसतं. आठ-दहा झाल्यावर जमू लागतं, आणि रात्री दहाच्या सुमारास फडकं अंथरलेली टोपली भरते.

पुरुष मंडळींबद्दलही सांगायला हवं. त्यांनी मांस आणलं, आणि त्या मांसाची हकिकत ते आजच तीनदा सांगून चुकलेत. बाकीचं सगळं बायकांनी केलं आहे, तेही आजकालचं नाही. दुसऱ्या भांड्यातल्या रश्शाचा बॉटल मसाला उन्हाळ्यात भाजून, लांब मुसळांनी कांडून बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला. नाताळची सकाळ सोपी झाली ती बायका वैशाखात घाम गाळत होत्या म्हणून. 'झटपट नाताळ न्याहारी' असं छापणाऱ्यांनी हा हिशेब मांडत जावा.

पहाटे सेंट अँड्र्यूजची घंटा होते. 1575 पासून उभ्या असलेल्या त्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये चालते; शब्द कळत नाहीत, भूक मात्र कळते. परत आल्यावर चुलीत दोन लाकडं सरकवली जातात, भांडं एकदा खदखदतं आणि सगळे बसतात. फुगा फोडायचा, आतल्या जाळीत सोरपोतेलचा रस्सा मुरवायचा, वर कडक चहा. नारळाची गोडी आणि शिरक्याचा झटका एकाच घासात येतो. म्हातारी आज पहिल्यांदाच बसून खाते आहे. ती उठत नाही, आणि तिला उठावंही लागत नाही.

1938 मधून परत आल्यावर घरी करायचं असेल तर ताडीवाचून अडत नाही. अर्धा किलो मैद्याला दोन अंडी, नारळाचं दाट दूध आणि चमचाभर कोरडं यीस्ट घ्या, पीठ दुप्पट होईपर्यंत थांबा. तळणी मध्यम आचेवर ठेवा, नाहीतर फुगे बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. सोरपोतेल गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच काढून चांगली उकळी द्या. मांस मात्र 21 लाच आणा, आणि घरातल्या पुरुषांना नुसतं आणायलाच नव्हे, चिरायलाही बसवा.