प्रस्थापित फोन, नवा आव्हानवीर आणि इंदूरचा जेल रोड

इंदूरच्या जुन्या शहरातील जेल रोड हा मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार म्हणून माळव्यात परिचित आहे. किराण्यासाठी सियागंज, कापडासाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, दागिन्यांसाठी सराफा, तसा फोनसाठी जेल रोड आणि तेथील डॉलर मार्केट. नवे फोन, वापरलेले फोन, सुटे भाग, टेम्पर्ड ग्लास आणि दुरुस्ती हे सारे येथे एकाच रस्त्यावर मिळते.

गोव्यातील वाचकाने इंदूरच्या या बाजाराकडे पाहण्याचे कारण साधे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इंदूर शहराची लोकसंख्या १९ लाख ६४ हजार होती, तर संपूर्ण गोव्याची १४ लाख ५८ हजार. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत असलेले हे शहर माळवा आणि निमाड या दोन्ही प्रदेशांची व्यापारपेठ आहे. महानगर नसलेल्या, परंतु खरेदीची ऐपत असलेल्या भारताने नव्या फोनचे स्वागत कसे केले, हे समजून घेण्यास अशी पेठ उपयुक्त ठरते. पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानांतही तेच प्रश्न विचारले जातात. फक्त व्याप लहान असतो.

बाजारावर एका कंपनीचे वर्चस्व असताना दुसरी कंपनी तिला आव्हान देणारा फोन आणते, तेव्हा लोक दोनदा प्रतिक्रिया देतात. पहिली प्रतिक्रिया बोलण्यातून उमटते. तिच्यात कुतूहल असते, थट्टा असते आणि आपण घेतलेल्या जुन्या फोनची बाजू घेणेही असते. दुसरी प्रतिक्रिया खरेदीतून उमटते. ती उशिरा येते, पण निर्णायक ठरते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय बाजाराची सत्ता अनेकदा पालटली. प्रत्येक वेळी या दोन प्रतिक्रियांमध्ये अंतर दिसले.

नोकियाचे राज्य

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. तो देशातील पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्यानंतरच्या दशकात भारतात मोबाईल म्हणजे नोकिया असे समीकरण झाले. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या फोनला विजेरी होती, कळफलकावर धूळ शिरू नये अशी रचना होती आणि हातातून निसटणार नाही अशी खरबरीत कड होती. वीज जाणाऱ्या गावांत ही विजेरी चैनीची गोष्ट नव्हती. जगभर या फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला.

या निष्ठेची परीक्षा ऑगस्ट २००७ मध्ये झाली. बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याची शक्यता असल्याचे कंपनीने जाहीर केले. भारतात घबराट पसरली. आपल्या बॅटरीचा क्रमांक तपासून घेण्यासाठी ग्राहकांची रीघ लागली. तरीही लोकांनी नोकिया सोडला नाही. कंपनीने दोष मान्य केला आणि बॅटरी बदलून देण्याची व्यवस्था केली, म्हणून विश्वास टिकला. मोठ्या दोषाने जे घडले नाही ते पुढे एका साध्या गरजेकडे झालेल्या दुर्लक्षाने घडले.

ती गरज दोन सिमकार्डांची होती. एका कंपनीचा कॉल स्वस्त, दुसरीची गावाकडे रेंज चांगली, अशा काळात दोन सिम बाळगणे हा काटकसरीचा मार्ग होता. ग्राहक दुकानदाराकडे सतत दोन सिमचा फोन मागत होता. देशी कंपन्यांनी आणि चीनमधून येणाऱ्या बिननावाच्या फोनांनी ती मागणी भागवली. नोकियाचे दोन सिमचे फोन भारतीय बाजारात २०११ मध्ये खऱ्या अर्थाने पोहोचले, तोवर अनेक ग्राहक हातचे गेले होते.

मायक्रोमॅक्स आणि दहा हजारांचा मोठा पडदा

२००० साली संगणकीय सेवा देणारी कंपनी म्हणून सुरू झालेली मायक्रोमॅक्स २००८ मध्ये फोनच्या व्यवसायात उतरली. एकदा चार्ज केल्यावर महिनाभर स्टँडबायवर राहणारी बॅटरी, ही तिच्या पहिल्या गाजलेल्या फोनची ओळख होती. शहरातील जाणकारांनी त्याला हसून दाद दिली. ज्यांच्या घरी दिवसाचे आठ-दहा तास वीज नसे, त्यांनी तो विकत घेतला.

स्मार्टफोनच्या बाजारात तोवर सॅमसंगचे वर्चस्व प्रस्थापित झाले होते. २०१२ च्या उत्तरार्धात सॅमसंगचा मोठ्या पडद्याचा गॅलक्सी नोट २ सुमारे ४० हजार रुपयांना मिळत होता. त्याच सुमारास मायक्रोमॅक्सने पाच इंची पडद्याचा, दोन सिमचा कॅनव्हास २ जवळपास दहा हजार रुपयांना आणला. दोन्ही फोनांच्या पडद्याच्या सुबकतेत आणि वेगात मोठा फरक होता. मात्र ४० हजार खर्चू न शकणाऱ्या माणसासाठी ही तुलनाच गैरलागू होती. त्याला मोठ्या पडद्यावर क्रिकेट आणि चित्रपटातील गाणी पाहायची होती. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगने पाच इंची, दोन सिमचा गॅलक्सी ग्रँड साडेएकवीस हजारांना आणला. आव्हान खरे असल्याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

२०१४ च्या अखेरच्या तिमाहीत मायक्रोमॅक्सचा स्मार्टफोनमधील वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के असल्याचे कॅनालिस या संस्थेने जाहीर केले. सॅमसंगने दुसऱ्या संस्थेच्या आकडेवारीचा आधार घेत हा दावा अमान्य केला. असे आकडे वाचताना एक भेद लक्षात ठेवावा. काही संस्था कंपनीने वितरकांकडे पाठवलेला माल मोजतात, तर काही दुकानातून ग्राहकाच्या हाती गेलेला माल मोजतात. वितरकाच्या गोदामात पडून राहिलेला फोन पहिल्या पद्धतीत मोजला जातो, दुसऱ्या पद्धतीत नाही.

दुकानालाच आव्हान

२०१४ मधील दुसरे आव्हान वेगळ्या स्वरूपाचे होते. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी आणि जुलैत शाओमीचा एमआय ३ केवळ फ्लिपकार्टवर विक्रीस आले. एमआय ३ ची किंमत १३,९९९ रुपये होती. दुसऱ्या विक्रीच्या वेळी त्याचा साठा काही सेकंदांत संपला. तरुण ग्राहक ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसू लागले. मिळाला त्याने मिरवले. न मिळालेल्याने कंपनी मुद्दाम थोडा माल ठेवते, असा आरोप केला.

जेल रोडसारख्या बाजारासाठी हा प्रश्न पोटाचा होता. आजवर नोकिया गेला तर सॅमसंग आला, सॅमसंगसोबत मायक्रोमॅक्स आला. फलक बदलले तरी दुकान तेच राहिले. आता जाहिरातीतला फोन दुकानात मिळतच नव्हता. ग्राहक येई, फोन हातात घेऊन पाही, भाव विचारी आणि घरी जाऊन दुसराच फोन ऑनलाइन मागवी. दुकानदाराच्या वाट्याला टेम्पर्ड ग्लास लावणे आणि सिम कापून देणे एवढेच उरे. देशभरातील मोबाईल विक्रेत्यांच्या संघटनेने ऑनलाइन सवलती आणि केवळ ऑनलाइन मिळणाऱ्या फोनांविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने परकीय गुंतवणूक असलेल्या ई-व्यापार मंचांसाठीचे नियम अधिक कडक केले, त्यामागे लहान व्यापाऱ्यांचा हा असंतोषही होता.

दुकानाची ही पोकळी ओप्पो आणि विवो या कंपन्यांनी हेरली. त्यांनी विक्रेत्याला चांगला नफा दिला, दुकानांवर हिरवे-निळे फलक लावले आणि गल्ल्याशेजारी आपले विक्री प्रतिनिधी उभे केले. केवळ ऑनलाइन विक्रीवर वाढलेल्या शाओमीनेही मे २०१७ मध्ये बंगळुरूत आपले पहिले एमआय होम दुकान उघडले. फोन हातात घेऊन पाहणे, सुलभ हप्त्यांची सोय आणि बिघडल्यास परत जाण्याचे ठिकाण या तीन गोष्टी ग्राहकाला हव्या होत्या. आव्हान देणाऱ्यालाही त्या मान्य कराव्या लागल्या.

मायक्रोमॅक्स का टिकली नाही

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि ग्राहकाला एका रात्रीत ४जी फोन हवा झाला. देशी कंपन्यांची भिस्त त्या वेळी मुख्यतः ३जी फोनांवर होती. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली आणि रोखीवर चालणारा स्वस्त फोनांचा बाजार आखडला. त्याच किमतीत अधिक चांगले फोन चिनी कंपन्या देऊ लागल्या. विक्रीनंतरच्या सेवेबद्दलच्या तक्रारी तर आधीपासूनच होत्या. आयडीसी या संस्थेनुसार २०१७ च्या तिसऱ्या तिमाहीत शाओमी आणि सॅमसंग प्रत्येकी साडेतेवीस टक्क्यांवर बरोबरीत आले आणि चौथ्या तिमाहीत शाओमी पुढे गेली. तीन वर्षांपूर्वी अग्रस्थानाचा दावा करणारी देशी कंपनी पहिल्या पाचांतूनही बाहेर पडली होती.

याच काळात आव्हानाचा एक भ्रामक प्रकारही देशाने पाहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडातील एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. गर्दीने तिचे संकेतस्थळ कोलमडले. पुढच्याच वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून तिच्या संचालकाला अटक झाली. त्या फोनमागे ना दुकान होते, ना सेवा केंद्र, ना हिशेबात बसणारी किंमत.

शब्द आणि खिसा

लोकांचे बोलणे आणि लोकांची खरेदी यांतील अंतर २०२० इतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. १५ जूनला गलवान खोऱ्यात भारतीय सैनिकांना वीरमरण आले. चिनी मालावर बहिष्काराची हाक देशभर घुमली. चिनी कंपन्यांच्या काही दुकानांच्या फलकांवर ‘मेड इन इंडिया’चे कापड चढवण्यात आले. तरीही त्या तिमाहीत देशातील सर्वाधिक स्मार्टफोन शाओमीचेच विकले गेले. ३ नोव्हेंबरला मायक्रोमॅक्सने ‘इन’ मालिकेचे नवे फोन घेऊन पुनरागमन केले. समाजमाध्यमांवर कौतुकाचा वर्षाव झाला. मात्र बाजारातील क्रम बदलला नाही.

याला केवळ दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वर्षी टाळेबंदीमुळे मुलांची शाळा फोनवर भरत होती. अनेक घरांना दुसरा फोन ताबडतोब आणि परवडेल अशा किमतीत हवा होता. भावना खरी होती आणि निकडही खरी होती. दुकानाच्या गल्ल्यापाशी निकड जिंकली.

ग्राहकाने काय पाहावे

या साऱ्या इतिहासातून एक व्यवहारी निकष हाती येतो. नवा फोन प्रस्थापित फोनपेक्षा सरस आहे का, हे पहिल्या आठवड्यातील चर्चेवरून ठरत नाही. त्याचे दुसरे वर्ष कसे जाते यावरून ठरते. म्हणून आव्हान देणारा फोन घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

पहिली, आपल्या शहरात किंवा जवळच्या तालुक्यात अधिकृत सेवा केंद्र आहे का. दुसरी, सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील, याचे कंपनीने लेखी आश्वासन दिले आहे का. तिसरी, पडदा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च किती. ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी. चौथी, वर्षभरानंतर एक्स्चेंजमध्ये त्या फोनला काय भाव येतो. वापरलेल्या फोनांच्या बाजारातील दुकानदार याचे उत्तर जाहिरातीपेक्षा प्रामाणिकपणे देतो. पाचवी, देवनागरी मजकूर लिहिणे आणि वाचणे नीट जमते का, हे दुकानातच एक मराठी संदेश लिहून पाहावे. घरातील ज्येष्ठांसाठी फोन घेताना तर हे विसरू नये.

वापरलेला फोन घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवर तो पडताळून घ्यावा. पक्के बिल घ्यावे. तक्रार निर्माण झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. त्या कंपनीकडे उत्तम अभियंते, मोठे नाव आणि गावोगावी पोहोचलेले वितरक होते. तरीही दोन सिमचा फोन मागणाऱ्या ग्राहकाला तिने बराच काळ ताटकळत ठेवले. मायक्रोमॅक्सने ती मागणी ऐकून जागा मिळवली आणि पुढे सेवेची तक्रार न ऐकल्याने ती गमावली. आज अग्रस्थानी असलेल्या आणि उद्या तेथे पोहोचू पाहणाऱ्या प्रत्येक कंपनीला हाच हिशेब लागू आहे. तो जेल रोडवरील दुरुस्तीच्या टेबलांवर रोज मांडला जातो: कोणता फोन वारंवार येतो, कोणत्याचा सुटा भाग मिळत नाही आणि कोणता ग्राहक पुन्हा तोच फोन मागतो.