सिल्वाशाच्या मोहिमेतील संगीतकार

सुधीर फडके यांचे नाव निघाले की श्रोत्यांस प्रथम 'गीतरामायण' आठवते. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले, आणि छपन्न गीतांतून वर्षभर घरोघरी रामकथा ऐकली गेली. परंतु त्याच्या आठच महिने आधी हा संगीतकार सिल्वाशाच्या मुक्तिसंग्रामात उतरला होता. चित्रपटांच्या लांबलचक यादीखाली ही गोष्ट झाकून जाते, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

ती यादी थोर आहेच. १९४६ च्या 'गोकुळ'पासून त्यांचे नाव पडद्यावर आले. पुढे राजा परांजपे दिग्दर्शक, माडगूळकर लेखक व फडके संगीतकार अशी त्रयी जमली. 'लाखाची गोष्ट' (१९५२) आणि 'जगाच्या पाठीवर' (१९६०) ही तिचीच फळे.

नगर हवेलीचा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला तो पेशवाईत. त्यांच्या एका जहाजाच्या नाशाची भरपाई म्हणून १७८३ मध्ये पेशव्यांनी तेथील महसूल त्यांस दिला, आणि महसुलाचे धनी पुढे मुलखाचेच धनी झाले! दमणपासून तुटलेला हा टापू चहूंकडून भारतीय भूमीने वेढलेला होता. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाला. मग भर पावसाळ्यात राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे आदींच्या तुकडीने सिल्वासा गाठले, आणि २ ऑगस्ट रोजी तेथे तिरंगा फडकला. या तुकडीत फडके होते. मोहिमेच्या खर्चासाठी पुण्यात लता मंगेशकरांचा गायनाचा कार्यक्रम झाला, तोही त्यांच्याच शब्दाखातर. चित्रपटसृष्टीतील ओळखीचा असा उपयोग विरळाच.

याच मोहिमेतील मोहन रानडे १९५५ मध्ये गोव्यात पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी फडक्यांनी समिती उभारून खटपट केली. सुटका झाली १९६९ मध्ये.

उतारवयात त्यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवर चित्रपट काढण्याचे मनावर घेतले. भांडवलदाराऐवजी लोकवर्गणीचा मार्ग धरल्याने वर्षांमागून वर्षे गेली. वेद राही यांनी दिग्दर्शित केलेला तो चित्रपट अखेर नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा निर्मात्याचे वय ८२ होते. २९ जुलै २००२ रोजी फडके निवर्तले.